वापरण्यापूर्वी हलवावी

आर्वाइखेरहून परतलो तेव्हा अंधार पडला होता.
कुत्र्यानं आधी मला हुंगलं, मग तुला,
तुझ्यापाशी जरा जास्तच रेंगाळलं.
दवाखान्याचा वास असेल.

डॉक्टरीणबाई ओयुनबिलेग, आपल्या धाकट्या सुनेच्या वयाची.
कागदाच्या पाठीवर तिनं डोळा काढून दाखवला:
आत पाणी तुंबतंय, आजी, वाट चिंचोळी झालीय,
उजेडाच्या टोकानं बुबुळाला एक छिद्र पाडते.
तू म्हणालीस, म्हणजे तोनो.
आपल्या तंबूच्या माथ्यावरचं सानं,
ज्यातून धूर जातो
आणि सकाळ आत येते.
ती हसली. तोनोच, म्हणाली, पण खसखशीहून बारीक.

छिद्राला वाटीभर चहा प्यायचाही वेळ लागला नाही.
थेंब मात्र सात दिवस. दिवसातून चार वेळा.
सूज उतरायला, लाली जायला. तेवढ्यालाच.

आणि आपल्याकडे घोड्यांच्या धारा सहा वेळा.
चाराचा नि सहाचा मेळ तू चुलीपाशी बसून लावलास:
पहिल्या धारेनंतर एक, तिसरीनंतर एक, पाचवीनंतर एक,
आणि शिंगरं आयांकडे सोडली की शेवटचा.
घड्याळ पेटीवर होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

आयुष्यभर मी मेंढ्यांना औषध पाजलं
मान गुडघ्यांत दाबून.
पहिल्या दिवशी तुलाही तसंच धरलं.
तू हसायला लागलीस, थेंब कानात.
दुसरा नाकाच्या शेंड्यावर.
तिसरा गालावरून ओघळला, पांढरट,
बोटानं पुसून म्हणालीस, हा आकाशाचा वाटा,
रोज सकाळी दुधाची पहिली पळी वर उडवतेस, तसा.
चौथा आत पडला.
जळजळतंय?
तुझ्या तंबाखूपेक्षा कमी.

तेव्हापासून बाटली माझ्या अंगरख्यात, छातीशी,
रात्री बादलीतलं पाणी गोठतं हल्ली.
दर वेळी काढतो, हलवतो, चिठ्ठीवर लिहिलंय तसं,
आणि दोन बोटांनी तुझी पापणी फाकवतो.

त्सेवेलमा, बेचाळीस वर्षांत
इतक्या जवळून तुझ्या डोळ्यात मी पाहिलं नव्हतं.
लग्नात लाजत होतो. नंतर जनावरं होती.
तपकिरी बुबुळ, कडेला पिवळसर एक ठिपका
(हा कधीपासून आहे?)
आणि वर, पापणीच्या आडोशाला, ते छिद्र.
दिसलं की दिसल्यासारखं वाटलं,
सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी तू विचारलंस,
गेलेलं परत येतं का रे, यानं?
मला माहीत होतं. जिन्यावर डॉक्टरीणबाईनं
मला एकट्याला थांबवून सांगितलं होतं:
राहिलंय तेवढं राखायचं.
मी म्हटलं, वर बघ.

मागच्या हिवाळ्यात तू वाडगा
पेटीच्या कडेबाहेर ठेवलास. हवेतच.
माझ्या वडिलांचा, चांदीच्या काठाचा.
आणि मी ओरडलो.
शेजारचा गोम्बोजाव सरपण मागायला आला होता,
त्याच्यादेखत ओरडलो.
कडच तुला दिसत नव्हती.
दुखत नव्हतं म्हणून तू बोलली नाहीस,
आणि मी तुकडे मोजत बसलो.

हे अजून तुला म्हणालेलो नाही.
थेंब टाकतो,
नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरतो.
एक मिनिट धरायला सांगितलंय.
मी बराच वेळ धरतो.

आठव्या दिवशी शिंगरं सोडून आत आलो
तर तू तोनोखाली मान मागे टाकून बसलेलीस,
सवयीनं.
औषध थांबवायचं होतं. बाटलीतही काही नव्हतं.
दुसऱ्या डोळ्याची पाळी पुढच्या महिन्यात.
मी हात धुतले. पुसले.
तुझ्यासमोर गुडघे टेकले.
टाक की, तू म्हणालीस.
थांब, म्हटलं, हलवतोय.